पानं आमची, पाणी आमचं, पेपर मात्र इंग्रजीत

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी पुढं सरकावं.

काही वर्षांपूर्वी आमच्या द्राक्षबागेत पीएचडी करणारा एक मुलगा यायचा. देठ परीक्षणासाठी (देठातली अन्नद्रव्यं तपासायला) पानं न्यायचा, बोअरचं पाणी बाटलीत भरून न्यायचा, तात्यांच्या (माझे सासरे) फवारणीच्या वहीचे फोटो काढायचा. गुणी पोरगा. जेवायला आमच्याकडंच. एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंतचं सगळं त्यानं तात्यांना खोदून खोदून विचारलं, अर्थात मराठीतच.

आज नेटवर त्याचा संशोधनाचा पेपर सापडला. इंग्रजीत. कधीच छापून आलाय. आभारात 'सहभागी बागायतदार', बास. आणि आत काय, तर आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात सोडियम जास्त आहे, पानांच्या कडा करपतात त्या त्यामुळं. आणि तात्या ही बुरशी समजून औषधं मारत बसले होते! दुकानदाराची बिलं कुणी भरली?

तात्यांना वाचून दाखवलं. एवढंच म्हणाले, "मग त्यानं बांधावरच का न्हाई सांगितलं?"

काय उत्तर देऊ? त्या पोरावर राग नाही (थोडा आहे). इंग्रजी पेपरला गुण मिळतात, बढती मिळते. तेच बागायतदारांसाठी मराठीत लिहिलं तर त्याच्या फाइलीत ते कोण मोजतंय? 2019 मध्ये हेलसिंकीत संशोधनातल्या बहुभाषिकतेसाठी जाहीरनामा निघाला. संशोधकांचं मूल्यमापन करताना इतर भाषांतल्या कामालाही किंमत द्या, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडं तो कुणी वाचला असेल?

हो, इंग्रजी लागतं. मी स्वतः इंग्रजी शिकवून पोट भरते. चिलीतल्या द्राक्षवाल्याला आमचं सोडियम कळायचं तर इंग्रजीच हवं. मान्य.

पण फक्त इंग्रजी वाचलं की जगातलं सगळं कळतं, हेही खोटं. 2004 मध्ये चीनमध्ये डुकरांत बर्ड फ्लू सापडल्याचं चिनी नियतकालिकात छापून आलं होतं. बाहेरच्या जगाचं तिकडं लक्ष जायला कित्येक महिने गेले. चिनी वाचणारं कुणी टेबलापाशी असतं तर?

आणि ज्ञान काय फक्त वरून खालीच येतं? सोनाका ही द्राक्षाची जात सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी स्वतःच्या बागेत हेरली. तासगावच्या बेदाणा सौद्याला विजापूरकडचे बागायतदार येतात. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, उरलेलं हातवारे. बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवायच्या पाण्यात डिपिंग ऑइल किती, पोटॅशियम कार्बोनेट किती, रॅकवर माल किती दिवस ठेवायचा, सगळं चहाच्या एका कपात सांगून होतं. तात्यांना कन्नड चार शब्द येतं, पण कामाचं तेवढं बरोबर उचलतात. कुणाचं अडत नाही. अडतं ते विद्यापीठातून बांधावर येताना.

"मराठीत शास्त्र मांडता येत नाही" म्हणणाऱ्यांनी द्राक्ष बागायतदार संघाचं 'द्राक्षवृत्त' मासिक वाचावं. तात्या पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचतात. संजीवकं, अन्नद्रव्यं, भुरी, सगळं नीट समजतं त्यांना. सरकारी पत्रकातलं मराठी मात्र मलाही दोनदा वाचावं लागतं, हे कबूल.

माझं मागणं फार नाही. ज्याच्या बागेतली पानं नेलीत, त्याला त्याच्या भाषेत दोन पानं परत द्या. तासगावात मराठी, विजापुरात कन्नड. प्रबंधावर गाइडची सही घेण्याआधी.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पोराला फोन लावला. बिचारा ओशाळला, म्हणाला, "काकू, मराठीत लिहायची सवयच राहिली नाही." मी लिहीन म्हटलं, तू फक्त तपासून दे. पण मातीतलं मला कळत नाही. माती-पाणी परीक्षणातलं जाणणारं आणि धड मराठी लिहिणारं कुणी ओळखीत असेल तर कमेंटमध्ये नाव द्या. छाटणीच्या आधी तात्यांच्या हातात कागद पडला पाहिजे.