‘एआयला गणित कशाला?’ म्हणणाऱ्यांना

आयटीत शिरू पाहणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर एक दावा हल्ली जोरात फिरतोय. एआय शिकायला गणित लागत नाही म्हणे. ते सगळं लायब्रऱ्यांच्या (तयार कोडच्या संचांच्या) पोटात असतं, कोड अडलाच तर चॅटबॉट लिहून देतो, आणि उरलंसुरलं गणित पीएचडीवाल्यांचं. चॅटबॉटकडून रजेचा अर्ज लिहून घ्यायचा असेल तर दावा शंभर टक्के खरा. पण तो ‘एआयमध्ये करिअर’ या नावाखाली फिरतोय.

लायब्ररीचं आधी बघू. पायटॉर्च ही एआयची लायब्ररी डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) आपसूक काढते, कबूल. आता समजा, हाताने लिहिलेले ० ते ९ अंक ओळखणारं मॉडेल ट्रेनिंगला लावलंय आणि लॉस, म्हणजे मॉडेल किती चुकतंय ते सांगणारा आकडा, २.३० च्या आसपास घुटमळतोय. एरर नाही, प्रोग्राम मजेत चाललाय. लॉगॅरिथम समजलेला माणूस तो आकडा बघूनच चपापतो, कारण हा लॉस म्हणजे खऱ्या अंकाला दिलेल्या शक्यतेचा उणे नॅचरल लॉग, आणि १० चा नॅचरल लॉग २.३०३ येतो. मॉडेल बहुधा दहाही अंकांना सारखीच, एक दशांश शक्यता वाटत बसलंय. शिकलेलं काहीच नाही. ज्याला हे दिसत नाही तो रात्रभर जीपीयूचं (ट्रेनिंगसाठी लागणाऱ्या चिपचं) भाडं भरतो.

चॅटबॉटचा कोड? चालतो की. शेवटी ‘अचूकता ९९ टक्के’ असंही छापतो. १००० जणांत १० रुग्ण असतील आणि मॉडेलने सरसकट सगळ्यांना निरोगी ठरवलं, तरी अचूकता ९९ टक्केच येते. सापडलेले रुग्ण शून्य.

पीएचडीचा बागुलबुवा मला सगळ्यात जास्त खटकतो. आजच्या चॅटबॉटांच्या मुळाशी असलेला ट्रान्सफॉर्मर हा मॉडेलचा प्रकार २०१७ च्या एका शोधनिबंधातून आला. त्याच्या मूळ रचनेत ६४ घटकांच्या दोन व्हेक्टरांचा (आकड्यांच्या याद्यांचा) डॉट प्रॉडक्ट, म्हणजे जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज, घेऊन त्याला ८ ने भागतात. ८ च का? घटक एकमेकांपासून स्वतंत्र, सरासरी ० आणि व्हेरिअन्स (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) १ धरला, तर ६४ गुणाकारांच्या बेरजेचा व्हेरिअन्स होतो ६४. त्याचं वर्गमूळ ८. भागलं नाही तर आकडे फुगतात, सॉफ्टमॅक्स (आकड्यांची वजनं करून देणारं सूत्र) जवळजवळ सगळं वजन एकाच शब्दाच्या पदरात टाकतो, ग्रेडियंट (मॉडेल कुठे, किती सुधारायचं ते सांगणारे डेरिव्हेटिव्ह) शून्याला टेकतात आणि शिकणं खुंटतं. व्हेरिअन्स आपल्याकडे अकरावीला आहे. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या ‘नेचर’मधल्या निबंधाने गाजवलेलं बॅकप्रोपगेशन (चूक मागे मागे पोचवून मॉडेल सुधारायची पद्धत) ज्यावर उभं आहे, तो चेन रूल (फलनाच्या आतल्या फलनाचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) बारावीला.

प्रमेयांच्या सिद्धता घोकायची गरज नाही, एवढं मात्र मला मान्य. मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि प्रॉबॅबिलिटी पक्कं केलं तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. अकरावी-बारावीची पुस्तकं रद्दीत गेली असतील, तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळतात.