चढत्या गायकाला नावं ठेवण्याची रीत

नावं ठेवणं हा आपला पिढीजात उद्योग. भांडवल लागत नाही, परवाना लागत नाही, मंदीची झळ बसत नाही. तरी अलीकडे या धंद्यात तोचतोचपणा आला आहे. तेच नट, तेच क्रिकेटवाले, तेच पुढारी. त्यांना कितीही बोला, त्यांची कातडी निबर झालेली असते. खरी मजा असते ती विशी-पंचविशीतलं पोर नुकतं वर निघालेलं असताना त्याचा पाय धरण्यात. तेव्हा सरावासाठी एक ताजं गिऱ्हाईक सुचवतो. नाव रेमा. पाळण्यातलं नाव डिव्हाइन इकुबोर. जन्म १ मे २०००, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनाचा, पण त्यात आपलं काही श्रेय नाही. पेशा गायक, प्रांत अफ्रोबीट्स, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं आजचं नाचरं पॉप.

गाव बेनिन सिटी. इथेच घसराल म्हणून सांगून ठेवतो: बेनिन नावाचा देश शेजारी आहे, तो वेगळा. हे शहर नायजेरियातल्या एडो राज्याची राजधानी. बोलायला लागण्याआधी एवढं पाठ करा, कारण नायजेरियातली मंडळी या कलेत आपल्यापेक्षा दहा पावलं पुढे आहेत. त्यांच्यासमोर कच्चं बोललात तर तुम्हालाच नावं ठेवतील.

सुरुवात नेहमी नशिबापासून करावी. २०१८ मध्ये या पोराने डी'प्रिन्स नावाच्या गायकाच्या गाण्यावर स्वतःचं रॅप रचलं आणि इन्स्टाग्रामवर टाकलं. ते नेमकं डी'प्रिन्सनेच पाहिलं आणि पोराला लागोसला बोलावून घेतलं. डी'प्रिन्स हा डॉन जॅझीचा सख्खा भाऊ, आणि डॉन जॅझी म्हणजे मॅव्हिन रेकॉर्ड्स या गाण्यांच्या कंपनीचा संस्थापक, नायजेरियन पॉपमधला मोठा कारखानदार. २०१९ मध्ये पहिली गाणी बाहेर आली, 'डुमेबी' घरोघरी वाजलं आणि त्याच उन्हाळ्यात बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत याचं 'आयर्न मॅन' घातलं. पोराचं वय एकोणीस. आता तुम्ही मान हलवून म्हणायचं, "ओळख असली की सगळं होतं हो."

पण हे म्हणताना मधला मजकूर गाळायला विसरू नका. वडील लहानपणीच गेले, थोरला भाऊ गेला, घर चालवायला हे पोर कोवळ्या वयात घानाला जाऊन पडेल ते काम करून आलं, आणि रॅप करायला शिकलं ते चर्चमध्ये. असला तपशील मध्ये आला की नशिबाचा मुद्दा लंगडा पडतो. शिवाय चर्चची गोष्ट आत्ताच उघड केली तर पुढे सैतानाचा मुद्दा काढताना अडचण होते.

मग २०२१. मे महिन्यात याने ट्विटरवर आपल्या वडिलांच्या मृत्यूबद्दल उघड प्रश्न विचारले. वडील राजकारणातले, २००८ मध्ये गेले, आणि मुलाला तेरा वर्षांनंतरही नीट उत्तर मिळालेलं नव्हतं. नवशिक्या इथे हळहळतो. कसलेला माणूस विचारतो, "हे बोलायची ही जागा आहे का? ही वेळ आहे का? रात्री झोपत नाही का हा?" प्रश्न कसा विचारला यावर एवढं बोलायचं की प्रश्न काय होता ते कुणाच्या ध्यानात राहू नये. पुढच्या महिन्यात नायजेरियाच्या सरकारने देशात ट्विटरच बंद करून टाकलं. रेमामुळे नव्हे, राष्ट्राध्यक्षांचं ट्वीट कंपनीने काढून टाकलं म्हणून. पण सवाल विचारणाऱ्यांची तोंडं बंद करण्याची कामगिरी एवढ्या घाऊक प्रमाणात पाहिली की आपण किरकोळीत काम करतो याची लाज वाटते.

२०२२ मध्ये 'काम डाऊन' आलं. पिवळ्या कपड्यातली एक मुलगी, तिच्यामागे लागलेला एक लाजाळू मुलगा, एवढाच मामला. ऑगस्टमध्ये सेलेना गोमेझला घेऊन त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि गाणं सुटलं ते सुटलंच. अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. अफ्रोबीट्सच्या तिथल्या यादीत तब्बल ५८ आठवडे पहिलं राहिलं. स्पॉटिफायवर शंभर कोटींचा आकडा ओलांडला, आणि आफ्रिकी कलाकाराच्या नावावरचं असं हे पहिलंच गाणं ठरलं. आपल्याकडे तर विचारू नका. हळदीत वाजलं, वरातीत बेंजोवर वाजलं, शाळेच्या गॅदरिंगला वाजलं. एक शब्द न कळता आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचले. २०२३ च्या मे महिन्यात गडी भारताचा दौरा करून गेला, मुंबईतही गायला.

एवढ्या यशाला नावं कशी ठेवायची, असं वाटेल. सोपं आहे. पहिलं वाक्य, "ते गाणं सेलेनामुळे चाललं." ती यायच्या आधी सहा महिने ते बाजारात होतं, हे सांगणाऱ्याकडे ऐकू आलं नाही असं दाखवावं. दुसरं वाक्य, "फार गोड आहे, गोऱ्यांसाठी केलंय, आफ्रिकेचा अस्सलपणा कुठे आहे यात?" हे दुसरं वाक्य जपून ठेवा. तो अस्सलपणा घेऊन आला की ते उलटं करून वापरायचं आहे.

आणि तो आलाच.

नोव्हेंबर २०२३, लंडनचं ओ-टू अरीना, वीसेक हजार माणसांची जागा, सगळी तिकिटं संपलेली. अंधारातून रेमा आला तो घोड्यावर बसून, आणि चेहऱ्यावर मुखवटा. नायजेरियात एकच गहजब झाला. सैतानाची पूजा! गुप्त पंथ! इल्युमिनाटी! पोरगं विकलं गेलं! पास्टरांपासून पानवाल्यांपर्यंत सगळे त्या मुखवट्यात शिंगं शोधू लागले.

आता तो मुखवटा कुणाचा, हे कळून घेतलंत तर पंचाईत होईल. तरी सांगतो, कारण नावं ठेवणाऱ्याला विषय ठाऊक नसला तरी चालतं, पण काय काय दुर्लक्षित करायचं आहे ते ठाऊक असावं लागतं. तो चेहरा राणी इदियाचा. सोळाव्या शतकातल्या बेनिन राज्याची राजमाता, ओबा (म्हणजे राजा) एसिगीची आई. मुलाला गादी मिळावी म्हणून तिने केलेल्या लढाया एडो माणसाला आजही पाठ आहेत. तिचा हस्तिदंती मुखवटा साधारण वीतभर उंच. कपाळावर दोन उभ्या खुणा, खालच्या बाजूला झालरीसारखी बारीक कोरीव किनार, आणि डोक्यावरच्या मुकुटात ओळीने दाढीवाल्या पोर्तुगीजांची चिमुकली डोकी. म्हणजे त्या काळात समुद्रावरून आलेल्या परक्यांना या बाईने केसांत दागिन्यासारखं माळलं होतं. १८९७ मध्ये इंग्रजांनी बेनिनवर चढाई केली, शहर जाळलं, राजवाडा लुटला, ओबाला हद्दपार केलं आणि हजारो वस्तू गाड्या भरून नेल्या. त्यात हा मुखवटाही गेला. एक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्याचा जुळा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. १९७७ मध्ये लागोसला सगळ्या आफ्रिकेचा कला महोत्सव भरला, त्याचं बोधचिन्ह म्हणून नायजेरियाने हाच चेहरा निवडला आणि चार दिवसांसाठी तरी मूळ मुखवटा द्या म्हणून लंडनला विनंती केली. लंडनने नाही म्हटलं. शेवटी नक्कल करून घ्यावी लागली.

म्हणजे झालं असं, की ज्या शहराच्या म्युझियममध्ये इदियाचा चेहरा काचेच्या पेटीत आहे, त्याच शहरात तिच्या गावचं पोर तिचा चेहरा लावून वीस हजार लोकांपुढे उभं राहिलं. म्युझियमवाल्यांनी चकार शब्द काढला नाही. ओरडा झाला तो घरून. सव्वाशे वर्षांपूर्वी मिशनऱ्यांनी ज्या वस्तूंना भुताखेतांच्या म्हणून हिणवलं, त्या हिणवण्याचा ठेका आता घरच्यांनीच घेतला आहे. इंग्रजांची बचत झाली. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर, तेव्हा आपल्याकडे केवढा सोहळा झाला. तेव्हा या विषयावर बोलताना मराठी माणसाने जरा सांभाळून बोलावं. शक्य तर विषय बदलून वटवाघळांवर न्यावा.

कारण वटवाघळंही होतीच. रेमाच्या सजावटीत वटवाघूळ दिसलं की सैतानाचा दुसरा पुरावा मिळाला म्हणून समजा. बेनिन सिटीच्या मध्यभागी रिंग रोड आहे, दिवेलागणीला त्याच्यावरच्या आकाशात वटवाघळांचे थवे उठतात, तिथे वाढलेल्या पोराच्या डोळ्यांत ते चित्र असणारच. हे त्याने स्वतः सांगून पाहिलं. खुलासा करणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हाला माहीत आहे: "मनात काही नव्हतं तर खुलासा कशाला केला?" आणि त्याने खुलासा केला नसता तर? तर "गप्प का बसलाय?"

थोड्याच दिवसांत त्याने तब्येतीचं कारण सांगून डिसेंबरचे कार्यक्रम रद्द केले. सततच्या दौऱ्यांत प्रकृतीकडे दुर्लक्ष झालं, आता विश्रांती हवी, एवढंच म्हणाला. लागोसमध्ये डिसेंबर म्हणजे गाण्याचा सुगीचा महिना, परदेशातले नायजेरियन तेव्हाच घरी येतात. अशा वेळी तेवीस वर्षांचं पोर दमलो म्हणतं म्हणजे काय? आपल्या वयात आपण कधी दमलो होतो का? असं विचारून पुढे सरकावं, या प्रकरणात फार रस नाही.

२०२४ च्या जुलैत त्याचा दुसरा अल्बम आला, 'हेइस'. अकरा गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. गोडवा औषधालाही नाही. धावते ढोल, आरोळ्या, घोषणा, मध्येच गाडीचा ब्रेक दाबल्यासारखा आवाज बदलतो आणि पुन्हा पळापळ. शल्लीपोपी या आपल्या गाववाल्याला घेऊन एक गाणं थेट बेनिनच्या पोरांवर. मला स्वतःला 'काम डाऊन'पेक्षा हा दंगा कितीतरी आवडतो, पण तुम्ही माझं ऐकू नका. तुम्ही ते जपून ठेवलेलं वाक्य काढा आणि उलटं करा: "काय हा गोंगाट! पूर्वी किती गोड गायचा." गोऱ्यांसाठी गातो म्हणून ज्यांनी नाक मुरडलं होतं त्यांनीच हे म्हणावं, म्हणजे परिणाम चांगला होतो.

याच अल्बमात त्याने आणखी एक आगळीक केली. नायजेरियन पॉपमध्ये विझकिड, डेव्हिडो आणि बर्ना बॉय हे तिघे म्हणजे 'बिग थ्री'. कित्येक वर्षं हा हिशेब पक्का. या पठ्ठ्याने 'हेहेहे' नावाच्या गाण्यात जाहीर करून टाकलं की तिघांचे दिवस संपले, आता चौघे आहेत. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी एखाद्या नव्या मंडळाने मानाच्या पाच गणपतींच्या रांगेत आपला रथ घुसवावा, तसं झालं. तिघांचे पाठीराखे एरवी एकमेकांचे कपडे फाडतात. विझकिडवाले डेव्हिडोवाल्यांशी, डेव्हिडोवाले बर्नावाल्यांशी, आणि हे वर्षानुवर्षं. पण या पोराविरुद्ध त्यांची तात्पुरती एकजूट झाली. राष्ट्रीय ऐक्याला रेमाने केलेली ही मदत कुणी मोजत नाही.

इथे तुम्ही कोणती बाजू घ्यावी? कोणतीच नाही. फक्त म्हणावं, "गुण असतील त्याच्यात, पण नम्रपणा हवा." विझकिडने, डेव्हिडोने किंवा बर्ना बॉयने आजवर किती नम्रपणा दाखवला, हा प्रश्न गैरलागू आहे. नम्रपणा हा नेहमी वयाने धाकट्याकडून येणे असतो.

अल्बम आला त्याच आठवड्यात, १२ जुलैला, मुंबईत बीकेसीत अंबानींच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. तिथे रेमा. जगाला आव्हान देणारा, युद्धाच्या आरोळ्या ठोकणारा हा वाघ वरातीत जमलेल्या पाहुण्यांपुढे तेच जुनं लाजाळू 'काम डाऊन' गायला, आणि चित्रपटसृष्टीतली अर्धी मंडळी त्यावर नाचली. बिदागीचे कोटी कोटींचे आकडे छापून आले, प्रत्येक ठिकाणी वेगळे. तुम्ही आपल्याला आवडेल तो घ्यावा आणि म्हणावं, "शेवटी पैसा." मुखवटा लावला तर सैतान, मुखवटा काढून लग्नात गायला तर भाडोत्री. मध्ये कुठे उभं राहायला जागा ठेवायची नाही, कारण पोरं तेवढ्या जागेतही पाय रोवतात.

एक अडचण मात्र तुमच्या वाटेत येणार आहे, ती आधीच सांगतो. या सैतानाच्या चेल्याने पुढे बेनिनला जाऊन आपल्या जुन्या चर्चला, जिथे तो लहानपणी रॅप करायचा तिथे, साडेदहा कोटी नायरा (नायजेरियाचं चलन) देऊन टाकले. आता काय बोलणार? नवखा माणूस इथे गप्प होतो. घाबरू नका. दान जाहीर झालं तर "देखावा", नंतर कळलं तर "काहीतरी पाप धुतोय". कुणी फारच धार्मिक असेल तर त्याने विचारावं की चर्चने हे पैसे घ्यावेतच कसे. आणि सगळंच फसलं तर "शाळा काढायची होती" हे वाक्य जगात कुठल्याही देणगीला चालतं. शाळा काढली तर "दवाखाना".

'हेइस'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, २०२५ च्या सोहळ्यासाठी, जागतिक संगीताच्या अल्बमांच्या गटात. पुरस्कार दुसऱ्याला गेला. नामांकनाच्या दिवशी म्हणायचं होतं, "ग्रॅमीला कोण विचारतं आता?" निकालाच्या दिवशी म्हणायचं होतं, "बघा, ग्रॅमीनेही नाकारलं." गडी आता पंचविशी ओलांडून गेलाय, गाणी काढतोच आहे, पुन्हा नामांकन येईल. दोन्ही वाक्यं लिहून तयार ठेवा, आणि जिंकलाच तर तिसरं लागेल: "आम्ही तर पहिल्यापासून म्हणत होतो."