सत्तर सेंटिमीटर सुती कापड

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या मॅचिंग सेंटरात मी 70 सेंटिमीटर सुती कापड मागितलं आणि वर एवढंच म्हटलं, "फाडून द्या." फाडलं की कापड धाग्याला धरून सरळ जातं. पोराने मोबाइलवरची नजर न हलवता कात्री चालवली. आता वाकडं छाटता छाटता 60 उरणार. पैसे मात्र 70चे!

शेजारी स्टुलावर बायकोच्या फॉल-पिकोची वाट बघत एक काका.

"ब्लाउज का ताई?"

"गोधडीचा गोट. कडेची पट्टी."

"मग पट्टी तिरपी कापा. तिरपीच लागते."

तिरपी लागते गोल कोपऱ्यांना. सरळ कडांना आडवी पट्टी पुरते. 60 बाय 90ची गोधडी, म्हणजे घेर 300 इंच, कोपऱ्यांना आणि शेवटच्या जोडाला वर 12. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44चा, किनार सोडून 42. अडीच इंची आठ पट्ट्या. एकमेकींना तिरप्या जोडायच्या, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही.

"सात पुरतील."

"294च होतात, काका. जोडात आणखी जातात."

"पुरवून घ्यायचं!"

गोटाआधी गोधडीच्या कडा छाटते म्हटलं, तर म्हणे, मोजूनच शिवता, मग छाटता कशाला? काका नौपाड्याचे, इमारत पुनर्विकासाला गेलेली. त्यांच्या भाषेत सांगितलं: धावदोऱ्याने गोधडी आकसते, तीही कुठे कमी, कुठे जास्त, नकाशातला कार्पेट एरिया वेगळा आणि ताब्यात आलेला वेगळा. म्हणून दोन्ही कर्ण सारखे भरेपर्यंत कोपरे काटकोनात छाटायचे, नाहीतर कडा लाटा मारतात. काकांना यातला फक्त कार्पेट एरिया ऐकू आला. पुढे बिल्डर, भाडं, लिफ्ट. पोरगाही मोबाइल ठेवून ऐकू लागला. माझं कापड कापताना कुठे होतं हे लक्ष?

कोपरा सांगायचा राहूनच गेला. शिलाई कडेच्या पाव इंच अलीकडे थांबवायची, पट्टी 45 अंशांत वर दुमडून सरळ खाली आणायची, मग पुढची बाजू. हे न करता पट्टी नुसती वळवली की उलटवताना कोपऱ्याला कापडच पुरत नाही.

"एवढं कशाला? ओव्हरलॉक मारा. दोन मिनिटं."

गोधडी रोज कडेला धरूनच ओढली जाते, पहिली विरते ती कडाच. म्हणून पट्टी दुहेरी, आणि मागची बाजू हातशिलाईने. 300 इंच!

फॉल-पिको झालं. काका उठले आणि जाता जाता म्हणाले, "आमच्या नातवाला एक शिवून द्या ना. कापड घरचंच आहे."

मी शिलाई सांगितली.

"एवढी? चारच तर बाजू असतात!"