मुख्य प्रवाहाबाहेरचे अर्थशास्त्र खरोखर हरले काय?

ठाण्यातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे: मार्क्सवादी, उत्तर-केन्सवादी (केन्सचा विचार पुढे नेणारे), संस्थावादी (नियम, कायदे, संस्थांवर भर देणारे) असे मुख्य प्रवाहाबाहेरचे, म्हणजे पाठ्यपुस्तकी मागणी-पुरवठ्याच्या चौकटीत न बसणारे सारे अर्थशास्त्र गणितात कच्चे होते, म्हणून ते हरले आणि संपले, त्यावर वर्षे वाया घालवू नयेत.

यातील गणिताचा आक्षेप सर्वांत दुबळा आहे. पिएरो स्राफा आणि जोन रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांनी इंग्लंडमधील केंब्रिजमधून उभा केलेला वाद मुळातच तांत्रिक होता: नफ्याचा दर ठरल्याशिवाय भांडवलाचे मूल्य काढता येत नसेल, तर त्याच मूल्यावरून नफ्याचा दर कसा सिद्ध करणार? व्याजदर उतरला की उत्पादन अधिक भांडवलप्रधान होतेच, ही समजूत सर्वत्र लागू पडत नाही, हे मुख्य प्रवाहाचे अग्रणी अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी खुद्द १९६६ मध्ये मान्य केले. पाठ्यपुस्तके मात्र जवळपास तशीच राहिली.

मग पीछेहाट झाली कशी? अमेरिकेतील नॉटर डेम विद्यापीठाने २००३ मध्ये अर्थशास्त्र विभागाची फाळणी केली, वेगळ्या विचारांचे अध्यापक एका निराळ्या विभागात काढले आणि काही वर्षांत तो विभागच गुंडाळला. ब्रिटनमध्ये १९८६ पासून संशोधनाचे सरकारी मूल्यमापन सुरू झाले आणि मुख्य प्रवाहाच्या ठरावीक नियतकालिकांत छापून येणाऱ्यांनाच नेमण्याकडे विभागांचा कल वाढला. ज्या स्पर्धेत परीक्षक एकाच बाजूचे असतात, तिच्या निकालाला वैचारिक पराभव म्हणणे धाडसाचे आहे. अर्थात या मंडळींनी आपसांतील भांडणांत आणि प्रतिपक्षाच्या चुका मोजण्यात बरीच शक्ती घालवली, हेही खरे.

'संपले' याविषयी थोडक्यात: १९९६ मध्ये निवर्तलेल्या हायमन मिन्स्की या उत्तर-केन्सवादी अर्थतज्ज्ञाची (स्थैर्याच्या काळातच कर्जाची जोखीम वाढत जाते, असे ते म्हणत) आठवण वित्तक्षेत्राला २००८ च्या आर्थिक संकटात झाली, आणि बँका कर्ज देताना ठेवी निर्माण करतात, हे उत्तर-केन्सवाद्यांचे जुने म्हणणे बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये स्वच्छ शब्दांत मांडले.

राहिला वर्षे वाया जाण्याचा प्रश्न. नोकरीची अडचण खरी आहे, म्हणून सांख्यिकी शिकावीच. परंतु नवी मुंबईत संपादित जमिनीचा मोबदला सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) आणि शासन यांनी कसा ठरवला, आणि जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या १९८४ च्या जासई आंदोलनानंतर त्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड देण्याचे धोरण का स्वीकारावे लागले, हे केवळ मागणी-पुरवठ्याच्या आलेखावरून उलगडत नाही. तेथे मालकी, सत्ता आणि संस्था यांचा अभ्यास लागतो. असा अभ्यास यापुढे कदाचित भूगोल, समाजशास्त्र वा नगरनियोजनाच्या विभागांत अधिक होईल.