९ रात्रींत तीनच शहरं का? रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार काका, रिव्ह्यू वाचला, एक स्टार दिलाय तोही बघितला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की इटलीच्या टूरचे ९ रात्रींचे पैसे घेतले आणि रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस एवढंच दाखवलं, पिसा नाही, मिलान नाही, व्हेरोना नाही, आणि तुमच्या साडूंनी दुसऱ्या कंपनीबरोबर ८ दिवसांत ७ शहरं केली, तीही कमी पैशात. शिवाय सिएना नावाच्या "कुठल्यातरी खेड्यात" दिवस घालवला, ट्रेनमध्ये बॅगा स्वतः चढवाव्या लागल्या, आणि व्हेनिसच्या हॉटेलला लिफ्ट नव्हती. बुकिंगच्या आधी हेच प्रश्न आम्हाला फोनवर रोज येतात म्हणून इथेच जरा सविस्तर लिहिते, रागावू नका.

साडूंच्या टूरला नावं ठेवायची नाहीत मला, पण ती कशी चालते ते सांगते. सगळा प्रवास मोठ्या बसने असतो आणि इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेताच येत नाही, त्यामुळे हॉटेल शहराबाहेर हायवेला लागून, आणि बस तुम्हाला लांब कुठेतरी सोडणार, तिथून चालत. त्यात युरोपात ड्रायव्हरचे तास कायद्याने बांधलेले, साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक घ्यायचाच आणि दिवसाला साधारण ९ तासांच्या वर चालवायची नाही, मग गाईड काय करणार, "चला चला फोटो काढा, ४० मिनिटांत बसपाशी या". फ्लॉरेन्स झालं. पिसा झालं. साडूंना विचारा एकदा की उफित्झी म्युझियमच्या आत गेले होते का, की बाहेरच्या चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याच्या कॉपीसमोर फोटो काढला. (खरा डेव्हिड आत आहे, अकादेमिया म्युझियममध्ये, तुम्ही बघितलात.) एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरं काय.

आता आपला हिशोब. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेन दीड तासाची आहे, बरोबर, तिकिटावर दीडच तास दिसतात. पण त्या दिवशी सकाळी उठून बॅगा भरा, नाश्ता, चेकआउटला रिसेप्शनवर लाईन, मग टर्मिनी स्टेशन, तिथे प्लॅटफॉर्म नंबर बोर्डावर अगदी शेवटी शेवटी लागतो त्यामुळे सगळे माना वर करून उभे, ट्रेन, उतरून हॉटेल, आणि रूम दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. दीड तासाच्या प्रवासाचा अर्धा दिवस गेला की नाही? आपल्या टूरमध्ये असं शहर बदलणं दोनदाच होतं म्हणजे सगळं मिळून एक दिवस गेला. ७ शहरांत तेच सहा वेळा करायचं, म्हणजे ८ दिवसांतले ३ दिवस नुसते बॅगा भरण्यात आणि उघडण्यात. आणि रोमला उतरून व्हेनिसहून परतीचं विमान घेतो ते पण याचसाठी, तिकीट थोडं महाग पडतं पण व्हेनिसहून परत रोमला यायचं म्हणजे ट्रेनने चारेक तास, तो सबंध दिवस वाचतो.

रोमला ४ रात्री "वाया घालवल्या, सगळीकडे दगडच" असं लिहिलंय तुम्ही. अहो पहिला दिवस तर विमानातून उतरून जेवून झोपण्यातच गेला, उरले तीन. शुक्रवारी व्हॅटिकन, कारण व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, पण त्या दिवशी फुकट असतं म्हणून मुंगी शिरायला जागा नसते). शनिवारी कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाईन टेकडी, आणि रविवारी सकाळी बोर्गेझे म्युझियम, ज्याला तुम्ही "बागेतल्या कुठल्याशा बंगल्यात दोन तास" म्हणालात. त्या बंगल्यात दोनच तासांचा स्लॉट मिळतो, आधी बुकिंग लागतं, आणि बर्निनी या शिल्पकाराने विशीत केलेलं काम तिथे हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. पाताळाचा देव प्लूटो, त्याने प्रॉसर्पिना देवीला पळवायला उचललंय, तिच्या मांडीत त्याची बोटं रुतलीयत आणि ते मांस दबलेलं दिसतं, संगमरवरात! काकू त्या पुतळ्याभोवती फेऱ्या मारत होत्या आणि तुम्ही बाकावर बसून व्हॉट्सॲप बघत होतात, असं आमच्या टूर मॅनेजरने सांगितलं. बसा की, पाय दुखतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण मग दोन तास वाया गेले असं लिहू नका.

सोमवारी शहर बदललं तेही मुद्दाम. फ्लॉरेन्सची उफित्झी आणि अकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. तो दिवस प्रवासाला टाकला की काहीच बुडत नाही, संध्याकाळी पिआत्झाले मिकेलांजेलोवर जाऊन वरून शहर बघितलं, आणि मंगळवारी सकाळी ताज्या पायांनी उफित्झी. हे वार जुळवण्यातच आमचं निम्मं काम असतं आणि ते ब्रोशरमध्ये दिसत नाही, तिथे तीनच नावं दिसतात.

पिसाचं सांगते. फ्लॉरेन्सहून साधी ट्रेन तासाभरात जाते, स्टेशनपासून मनोऱ्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालत. बघायचा मनोरा, कॅथेड्रल, बाप्टिस्टरी, तिन्ही एकाच हिरवळीवर, अर्ध्या दिवसात होतं. म्हणून शेड्यूलमध्ये बुधवारसमोर स्पष्ट लिहिलं होतं की सिएना आमच्याबरोबर किंवा पिसा स्वतःचं स्वतः, आणि ग्रुपमधली काही मंडळी गेलीसुद्धा. सिएना आम्ही ठेवतो कारण ते अख्खं गाव बघण्यासारखं आहे, शिंपल्यासारखा उतरता तो काम्पो चौक, जिथे २ जुलै आणि १६ ऑगस्टला घोड्यांची शर्यत होते, विटांच्या जमिनीवर लोक दुपारभर फतकल मारून बसलेले असतात. खेडं कसलं हो, एकेकाळी फ्लॉरेन्सशी टक्कर देणारं राज्य होतं ते. आणि सिएनाला बसने का, तर ट्रेन स्टेशन टेकडीच्या खाली आहे, तिथून परत वर चढायचं, बस थेट वर गावाच्या तोंडाशी सोडते.

मिलान मला स्वतःला फारसं भावत नाही हे कबूल. डुओमो, म्हणजे तिथलं कॅथेड्रल, सुंदर आहे, लिओनार्दोच्या लास्ट सपर चित्राला एका वेळी पंधराच मिनिटं आत सोडतात आणि तिकिटं बघता बघता संपतात, ते मिळत नसेल तर तेवढ्यासाठी एक रात्र कापू नये.

राहता राहिलं व्हेनिस. मेस्त्रेला, म्हणजे पाण्याअलीकडच्या जमिनीवरच्या भागात, स्वस्त आणि लिफ्टवालं हॉटेल मिळालं असतं, खरंय, ट्रेनने दहा मिनिटं. पण दिवसभर व्हेनिसमध्ये जी गर्दी असते ती बरीचशी एका दिवसासाठी आलेल्यांची (वसंतापासून जुलैपर्यंतच्या ठराविक दिवशी त्यांच्याकडून प्रवेश फीसुद्धा घेतात, शहरात मुक्कामाला असणाऱ्यांना ती माफ), आणि संध्याकाळी ती ओसरली की गाव तुमचं. तुम्ही रिव्ह्यूला जो सान मार्को चौकाचा फोटो लावलाय, काकू एकट्या मध्ये उभ्या, मागे फक्त कबुतरं, तो सकाळी सहाचा आहे ना? मेस्त्रेला असता तर त्यासाठी पाचच्या आत उठावं लागलं असतं, आणि तुम्ही उठला असता असं मला वाटत नाही. आता हॉटेल. सान्ता लुचिया स्टेशनच्या बाजूचंच हॉटेल घेतो, कारण तिथे पोचायला एकही पूल चढावा लागत नाही. व्हेनिसमध्ये चाकांच्या बॅगा पुलाच्या पायऱ्यांवर काही कामाच्या नाहीत, उचलाव्याच लागतात. जुन्या इमारतीत लिफ्ट नाही हे व्हाउचरवर लिहिलेलं होतं, म्हणून तुम्हाला पहिला मजला दिला. बॅगांचंही तसंच, मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं की माणशी एकच मध्यम बॅग घ्या, तुमच्याकडे दोघांत चार होत्या काका.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही, ठरलेलं सगळं दिलंय. ज्यांना ७ शहरं हवीत त्यांना मी फोनवरच दुसरीकडे जायला सांगते. आणि ज्यांच्याकडे ६ रात्रीच आहेत त्यांनी तीन शहरंही करू नका, रोमला ४ आणि फ्लॉरेन्सला २, शेवटच्या दिवशी सकाळच्या ट्रेनने रोमला येऊन संध्याकाळचं विमान घ्या, व्हेनिस पुढच्या वेळी.