‘एआय ऑफिसर’ सक्तीचा झालेला नाही

‘युरोपच्या नव्या कायद्यानुसार प्रत्येक कंपनीला प्रमाणपत्रधारक एआय ऑफिसर नेमावाच लागेल, आयएसओ 42001 चा कोर्स करा, सायबर सिक्युरिटीत नोकरी पक्की’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

1 ऑगस्ट 2024 रोजी अमलात आलेल्या युरोपीय एआय कायद्यात असे पदच नाही. काही संस्थांना डेटा प्रोटेक्शन ऑफिसर नेमावा लागतो, पण तो जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यामुळे. घोळ बहुधा तिथूनच झाला. कलम 4 कर्मचाऱ्यांना एआयची पुरेशी समज असावी म्हणते, प्रमाणपत्र मागत नाही. आयएसओ 42001 हे एआय व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक; त्याचे प्रमाणन संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीचे होते. व्यक्तीला मिळतो तो कोर्सचा किंवा ऑडिटरचा दाखला.

सिक्युरिटीवाल्यांनी खरे तर कलम 15 वाचावे. कायद्याने जास्त जोखमीच्या ठरवलेल्या एआय प्रणालींनी प्रशिक्षणाच्या डेटात भेसळ, मॉडेलला फसवणारे इनपुट आणि गोपनीय माहिती काढून घेणारे हल्ले रोखायला हवेत, असे ते सांगते. अशी प्रणाली वापरणाऱ्याने आपल्या ताब्यातले लॉग (प्रणालीच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) किमान सहा महिने ठेवायचे असतात. प्रणालीचे आउटपुट युरोपात वापरले जाणार असेल, तर ती पुरवणारी कंपनी पुण्यातली असली तरी कायदा लागू होऊ शकतो.

कंपनीत एआयच्या सुरक्षेच्या कामाची सुरुवात यादीपासून होते: कोणते एआय टूल, कोणता डेटा, कोणाला अॅक्सेस. ही यादी बहुतेकदा अपुरी निघते, कारण ब्राउझर एक्स्टेन्शन आणि वैयक्तिक खात्यांवरचे चॅटबॉट खरेदीच्या नोंदीत येतच नाहीत. म्हणून प्रॉक्सी आणि डीएनएसचे लॉग, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवरून कोणत्या साइट उघडल्या याच्या नोंदी, तपासाव्या लागतात. मग प्रॉम्प्ट इंजेक्शनची, म्हणजे मजकुरात सूचना दडवून एआयला भरकटवणाऱ्या हल्ल्याची, चाचणी. निस्ट या अमेरिकी सरकारी मानक संस्थेची एआय जोखीम चौकट (जानेवारी 2023) फुकट वाचता येते. महागड्या कोर्सआधी ती वाचा.