‘पाच मिनिटांत वीस प्राणी’ : आधी तो व्हिडिओ कुठला ते बघा

“सांकेतिक भाषा जगभर एकच! हा व्हिडिओ बघून पाच मिनिटांत वीस प्राणी शिका. प्राण्याची नक्कल केली की झालं, फक्त उजवाच हात हवा. पण कर्णबधिर मुलाला फार खुणा शिकवू नका, बोलायला आळशी होतं.” हा फॉरवर्ड शेजारच्या आजींकडे पोचला, आणि कर्णबधिर नातवासाठी त्या आरशासमोर सरावालाही लागल्या. म्हणून हा खटाटोप.

जगभर एकच? व्हिडिओतल्या खुणा अमेरिकन आहेत. इंग्लंड-अमेरिकेत लोक बोलतात इंग्रजीच, तरी तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांची भाषा कळत नाही. अमेरिकन सांकेतिक भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी. 1817 साली अमेरिकेत हार्टफर्डला कर्णबधिरांची पहिली कायमची शाळा निघाली तेव्हा लोराँ क्लेर हे कर्णबधिर शिक्षक फ्रान्समधून आले होते. व्हिडिओतली कुत्र्याची चुटकी तर अमेरिकन बोटाक्षरांतल्या, म्हणजे बोटांनी दाखवायच्या इंग्रजी अक्षरांतल्या, डी आणि जी यांतून होते. ती अक्षरं एका हाताची. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात. नातवाला त्या चुटकीतून काय कळणार, कपाळ?

नक्कल केली की झालं, म्हणे! अमेरिकन खुणाच घ्या. अंगठा कानशिलाला टेकवा. करंगळी ताठ, मधली तीन बोटं मिटलेली, मनगट फिरवलं : गाय. तर्जनी आणि मधलं बोट जोडून ताठ, दोनदा वाकवली : घोडा. चारही बोटं जोडून वाकवली : गाढव. दोन्ही हातांचे पंजे फाकवून दोन्ही कानशिलांना लावले : हरीण. जागा तीच, बदलला तो हाताचा आकार. तोंडापाशी अंगठा-तर्जनीची चोच उघडमीट केली तर पक्षी, तिला मधलं बोट जोडलं की बदक. हनुवटीखाली आडवा पंजा धरून जोडलेली बोटं वाकवली तर डुक्कर. तीच बोटं फाकवून वळवळवली की ‘घाणेरडं’! शिकणाऱ्याचं बोट नेमकं इथेच सैल पडतं, कारण तो प्राणी आठवत असतो, हात बघत नसतो.

अर्धसत्य आहे, तेवढं देऊन टाकतो : हत्तीची सोंड बऱ्याच भाषांत सोंडच असते. पण प्राण्याचा कुठला अवयव दाखवायचा, कुठल्या आकाराने आणि कुठे, हे प्रत्येक भाषा आपलं आपण ठरवते.

‘आळशी होतं’ हे सगळ्यांत घातक. 2014 च्या एका अमेरिकन अभ्यासात जन्मापासून घरी सांकेतिक भाषा मिळालेली, कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) असलेली मुलं इंग्रजीच्या चाचण्यांत, कर्णबधिर आईवडिलांच्याच पण ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने उतरली. मुलं पाचच होती, कबूल. फॉरवर्डवाल्याकडे एकही नाही.

‘उजवाच हात हवा’ हेही त्या फॉरवर्डमध्ये आहे. डावखुऱ्याने खुशाल डावा वापरावा, फक्त अधूनमधून हात बदलू नये.

आजी, भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ-शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे. 2021 च्या आवृत्तीत 10,000 शब्द आहेत. एक प्राणी काढा, व्हिडिओ चार वेळा बघा : पहिल्यांदा फक्त हाताचा आकार, मग जागा, मग तळवा कुठे वळलाय ते, शेवटी हालचाल. नातवाच्या शाळेत वेगळी खूण चालत असेल तर ती शिका. दिवसाला तीन प्राणी पुरे.